आम्लाचा अरी

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना ‘आम्लारी’ हा शब्द आठवत असेल. इंग्रजीत ज्याला बेस म्हणतात, त्याला आपल्या परिभाषाकारांनी दिलेलं हे नाव. फोड केली तर आम्ल अधिक अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. आणि हे दोघं समोरासमोर आले की जे घडतं, त्याला नाव दिलं ‘उदासिनीकरण’. मी बी. ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा, शब्दांशी मात्र रोजचा. त्यामुळे ही जोडी मला कायम खटकत आली. शत्रू भेटले तर एकानं जिंकावं, एकानं हरावं. इथं दोघंही उदास होऊन बसतात, हे कसलं वैर? संस्कृतात उदासीन म्हणजे बाजूला जाऊन बसलेला, कुणाचाच पक्ष न घेणारा. पण मग ते दोघं बाजूला बसतात तरी कुठे? या साध्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला माणसाला दोन हजार वर्षांच्या आसपास लागली.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. पाठ्यपुस्तकात ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून निघणारा तिसरा पदार्थ. खायचं मीठ त्यातलंच. घरात मात्र आपण पापडखार, सज्जीखार, जवखार म्हणतो तेव्हा तो खार म्हणजे खुद्द आम्लाचा अरीच असतो. जुन्या वैद्यकातही क्षार याच अर्थानं येतो. म्हणून मी इथं ‘खार’ हा शब्द जुन्या अर्थानं वापरणार आहे, आणि त्या तिसऱ्या पदार्थाला ‘लवण’ म्हणणार आहे.

ही दोन्ही मंडळी आपल्या घरात पूर्वापार नांदत आली आहेत. राखेनं भांड्याचा ओशटपणा निघतो, तो राखेतल्या खारामुळे. काळवंडलेला तांब्या चिंचेनं उजळतो, तो चिंचेतल्या आम्लामुळे. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लालभडक होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे काम करतो, तेच हे. ज्या बायकांनी हळदीवर चुना घालून लाल रंग आणला, त्यांना हे विज्ञान माहीत नव्हतं असं मी तरी म्हणणार नाही. त्यांना त्याचं कारण माहीत नव्हतं, इतकंच.

कारण शोधण्याचा एक फार जुना प्रयत्न आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय खार तयार करण्याच्या विधीवर आहे. पळस, आघाडा, कुडा अशा कितीतरी वनस्पती जाळायच्या, त्यांची राख सहापट पाण्यात कालवायची, ते पाणी एकवीस वेळा गाळायचं आणि मग आटवायचं. एवढ्यानं होतो तो मृदू खार. तीव्र खार हवा असेल तर चुनखडीचे खडे आणि शंख-शिंपले लालबुंद भाजून त्या पाण्यात विझवायचे. तयार झालेला खार लोखंडी भांड्यात, तोंड बंद करून ठेवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर राखेच्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. भाजलेल्या शिंपल्यांचा चुना त्यात पडला की खडूसारखा साका खाली बसतो आणि वर कातडी जाळणारा दाहक पोटॅश उरतो. तोंड बंद ठेवायचं, कारण हवेतला कर्बवायू लागला की तो पुन्हा मवाळ होतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात या कृतीची दखल घेतली आहे. घेणारच. सौम्य आणि दाहक अल्कलीतला फरक इतका स्वच्छ सांगणारा मजकूर जगात फार ठिकाणी सापडत नाही.

हा खार मूळव्याध, भगंदर, चामखीळ अशा ठिकाणी शस्त्राऐवजी लावत. लावून किती थांबायचं? तर शंभर मात्रा उच्चारायला लागतील इतका वेळ. घड्याळ नव्हतं तेव्हा वेळ अक्षरांनी मोजत. कविता लिहिणाऱ्या माणसाला ही ओळ वाचून बरं वाटलं, हे लपवत नाही. जागा काळी पडली की वैद्य आंबट कांजी वगैरे लावून खाराचा दाह शमवत असे, वर तूप. आणि मग ग्रंथकार स्वतःच शंका काढतो. खार आगीसारखा उष्ण आणि आंबटही उष्णच. मग आगीत आग मिसळल्यावर ती विझते कशी? उत्तर असं दिलं आहे की खारात आंबट सोडून बाकी सगळे रस असतात, त्यात तिखट मुख्य आणि खारट त्याच्या मागोमाग. त्या खारट रसाला आंबट भेटलं की तो आपला तीक्ष्णपणा टाकतो आणि गोड होतो; मग पाण्यानं आग विझावी तसा दाह विझतो. उत्तर आज टिकत नाही. पण प्रश्न अगदी नेमका आहे. दोन जाळणारे पदार्थ एकत्र आले की न जाळणारा तिसरा कसा होतो, हाच तर पुढच्या सगळ्या रसायनशास्त्राचा प्रश्न.

इथं एक सूचना मधेच द्यावी लागेल. हे वाचून कुणी अंगावर सांडलेल्या खारावर लिंबू पिळू नये, आणि ॲसिडवर सोडा चोळू नये. दोघांच्या मिलाफातून उष्णता निघते, आणि शोधाशोधीत मोलाची मिनिटं जातात. भरपूर वाहतं पाणी, तेही बराच वेळ, हा पहिला उपाय. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची ट्यूब किंवा पुडी दाबताना फुटते आणि चुना लहान मुलांच्या डोळ्यांत उडतो. नेत्ररोगतज्ज्ञांना असे रुग्ण नेहमी पाहावे लागतात. आम्ल डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं आणि बऱ्याचदा तिथंच अडतं. खार मात्र स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत आत शिरतो. घरात चुना ‘पानाला लावायचा’ म्हणून निरुपद्रवी वाटतो, त्याची ही दुसरी बाजू.

आता अल्कली या शब्दाकडे. हा अरबी आहे: अल्-किली. वाळवंटात आणि समुद्रकाठी, खारवट जमिनीत वाढणाऱ्या काही रसदार झुडपांची राख म्हणजे किली. मूळ धातूचा अर्थ भाजणं, तळणं. या झुडपांच्या राखेत सोडियमचा खार असतो; आतल्या मुलखातल्या झाडांच्या राखेत पोटॅशियमचा. काच आणि साबण या दोन धंद्यांना सोडियमचा खार फार लागे, म्हणून ही राख दूरदूर जात असे. शब्दही तिच्याबरोबर गेला. आजही पोटॅशियमचं रासायनिक चिन्ह ‘के’ आहे. ते ‘कॅलियम’ या नावावरून आलं आणि कॅलियम त्या अल्-किलीवरून. म्हणजे आवर्तसारणीत एकोणिसाव्या घरात वाळवंटातल्या झुडपाची राख जाऊन बसली आहे.

इराणातल्या रै गावचा अबू बक्र अल्-राझी, मृत्यू साधारण इसवी ९२५, मोठा वैद्य होता आणि किमयागारही. त्याच्या ‘किताब अल्-असरार’मध्ये पदार्थांची वर्गवारी आहे आणि ‘तीक्ष्ण पाण्यां’च्या कृती आहेत. किली आणि चुना मिळून केलेलं पाणी त्यात आहे. सुश्रुताच्या तीव्र खाराचं ते भावंडच. गंमत अशी की राझीच्या लेखी जाळणारी सगळी पाणी ‘तीक्ष्ण’ या एकाच सदरात पडतात. आंबट वेगळं आणि खार वेगळा, अशी भिंत त्यानं घातलेली नाही. आमच्याकडे काही वक्ते अभिमानानं सांगतात की सगळी खनिज आम्लं जाबिर बिन हय्याननं आठव्या शतकात शोधली. अभिमानाला आधार लागतो. शोराम्लाची, म्हणजे नायट्रिक ॲसिडची, स्पष्ट कृती ज्या लॅटिन ग्रंथांत आहे ते तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कुणीतरी जाबिरच्या नावावर लिहिलेले आहेत, असं अभ्यासक मानतात. दुसऱ्यानं आपला ग्रंथ त्याच्या नावावर खपवावा, एवढं त्या नावाचं वजन होतं. माझ्या मते हा मान काही लहान नाही.

राझीच्या यादीत नवसागरही आहे, त्यांच्या भाषेत नौशादर. हा पदार्थ मी पुस्तकाआधी डोळ्यांनी पाहिला. माझे एक मामू कल्हईचं काम करत. भात्यावर भांडं तापलं की ते चिमूटभर नवसागर टाकत, पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाकात झिणझिण्या येत, आणि लगेच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ते भांड्याचा तळ चंद्रासारखा करत. नवसागर हे लवण आहे, अमोनिया हा अरी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिलाफातून झालेलं. तापलं की ते फुटतं, दोघं वेगळे होतात. आम्ल भांड्यावरचा मळ खातं, आणि उरलेली जोडी वर जाऊन थंड झाली की पुन्हा मिळून पांढरा धूर होते. वितळलेल्या कथलाला चिकटायला स्वच्छ धातू मिळतो तो त्या क्षणभराच्या फारकतीमुळे. आणि ही कल्हई कशासाठी? तर तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटीतलं चिंच-आमसूल कळकू नये म्हणून. म्हणजे पुन्हा आम्लच.

खाराचा एक मोठा साठा आपल्या महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, उल्कापातानं झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या जागेचा उल्लेख आहे: काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथं मिळतं. दरबारी इतिहासकारानं देवस्थानाबरोबर साबणाच्या कच्च्या मालाचीही नोंद केली, कारण त्यातून महसूल येत होता. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खाराचे थर जमत आणि लोक ते काढून विकत. त्यांच्या प्रकारांना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. काठावर गोड पाण्याचे झरे आणि आत खारं पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो झळकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं.

युरोपात सतराव्या शतकात आम्ल आणि अल्कलीच्या वैराला फार मान मिळाला. लायडनचा वैद्यकाचा प्राध्यापक सिल्वियस आणि त्याच्या पंथाचे लोक शरीरातला प्रत्येक रोग या दोघांच्या झगड्यातून उलगडून दाखवू लागले. रॉबर्ट बॉइलला हे पटेना. त्यानं १६६४ साली रंगांवरच्या पुस्तकात एक साधी कसोटी दिली होती. औषधाच्या दुकानात मिळणारं जांभळ्या व्हायोलेट फुलांचं सरबत पांढऱ्या कागदावर टाका. त्यावर आम्लाचा थेंब पडला तर लाल, खाराचा पडला तर हिरवं. आपल्याकडे जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी असाच खेळ दाखवतं. नुसत्या जिभेवर अवलंबून राहण्यापेक्षा डोळ्यांना दिसेल असं काही हवं, हा त्याचा आग्रह. १६७५ मध्ये त्यानं त्या सर्वव्यापी वैराच्या सिद्धांतावर सरळ टीका लिहिली: ज्यांची नीट व्याख्याही केलेली नाही, त्या दोघांवर सगळं जग उभं करता कसं? तो सिद्धांत गेला असं वाटतं, तोवर दुकानात ‘अल्कलाइन पाण्या’ची महागडी बाटली दिसते. आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात शरीर स्वतःच राखतं, आणि ते पाणी आधी जठरातल्या आम्लातच पडतं. सिल्वियसला आनंद झाला असता.

लावाझिएची चूक थोडक्यात सांगतो. त्याला वाटलं, प्रत्येक आम्लात एक वायू असतोच. म्हणून त्यानं त्याला ग्रीक शब्दांवरून ऑक्सिजन, म्हणजे आम्ल जन्माला घालणारा, असं नाव दिलं. हम्फ्री डेव्हीनं १८१० साली दाखवलं की मिठापासून निघणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. तिथं हायड्रोजन आणि क्लोरीन आहेत. नाव मात्र राहिलं. बंगालीत तर ‘अम्लजान’ म्हणून त्याचं भाषांतरही झालं. आपण ‘प्राणवायू’ म्हटलं आणि त्या चुकीतून सुटलो.

पण शास्त्रज्ञांच्या वादापेक्षा मला एका कारखानदाराची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. अठराव्या शतकात फ्रान्सला काच-साबणासाठी स्पेनहून राख आणावी लागे. मिठापासून खार करून दाखवणाऱ्याला विज्ञान अकादमीनं बक्षीस जाहीर केलं. निकोला लेब्लांक, ऑर्लिअन्सच्या ड्यूकचा वैद्य, यानं ते करून दाखवलं आणि १७९१ मध्ये पेटंट घेतलं. कारखाना उभा राहतो न राहतो तोच क्रांतीत ड्यूकचा शिरच्छेद झाला, १७९३ साली. कारखाना जप्त झाला, कृती जाहीर करून टाकण्यात आली. पुढे मोडकळीस आलेला कारखाना परत मिळाला, पण चालवायला पैसा नव्हता. १८०६ मध्ये लेब्लांकनं आत्महत्या केली.

त्याची कृती मात्र इंग्लंडमध्ये फोफावली. मिठावर गंधकाम्ल ओतायचं, मग निघालेला पदार्थ चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजायचा, आणि खार धुऊन काढायचा. पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. तो सरळ धुराड्यातून आकाशात. लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विडनेस या भागात झाडं वाळली, कुंपणं करपली, शेतकरी कोर्टात गेले. खार बनवणारे कारखाने गावावर आम्ल पसरत होते! मालकांनी उपाय म्हणून उंच धुराडी बांधली. त्यानं वायू आणखी दूरच्या गावांना मिळाला. विल्यम गॉसेजनं १८३६ मध्ये काटक्या-कोकनं भरलेला मनोरा बांधून वरून पाणी सोडायची युक्ती काढली. वायू पाण्यात विरघळे. उपाय होता, पण वापरायची सक्ती नव्हती. शेवटी १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं अल्कली कायदा केला: या वायूचा किमान ९५ टक्के भाग अडवलाच पाहिजे. पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. ‘आम्लवर्षा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द रूढ केला तो यानंच, १८७२ च्या आपल्या पुस्तकात. अडवलेलं आम्ल मग पुष्कळांनी ओढ्यात सोडलं. कारखान्यामागे दुसऱ्या पायरीतल्या गंधकी चोथ्याचे ढिगारे पडलेले असत. ते आम्ल त्यांना भेटलं की सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू उठे. पुढे बेल्जियमच्या सॉल्व्हेची, अमोनिया वापरणारी, स्वच्छ आणि स्वस्त कृती आली आणि लेब्लांकची पद्धत मागे पडली. आपल्याकडे सौराष्ट्रातल्या मिठापूरला टाटा केमिकल्स १९३९ साली सुरू झाली, ती समुद्राच्या मिठापासून सोडा करण्यासाठीच.

आता सुश्रुताच्या प्रश्नाकडे. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला प्रबंध दिला, की पाण्यात विरघळलेले असे पदार्थ विद्युतभारित तुकड्यांत विभागलेले असतात. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये त्याच विचाराला नोबेल मिळालं. त्याच्या मते पाण्यात हायड्रोजनचा धनभारित कण सोडतं ते आम्ल आणि हायड्रॉक्सिलचा ऋणभारित कण सोडतो तो अरी. एका जुन्या कोड्याचा यातून उलगडा झाला. कुठलंही तीव्र आम्ल घ्या आणि कुठलाही तीव्र खार घ्या, सारख्या प्रमाणात मिसळा. निघणारी उष्णता जवळपास सारखीच भरते, मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल. पदार्थ वेगळे, मग उष्णता एकच कशी? कारण प्रत्येक वेळी घटना एकच असते: तो हायड्रोजन आणि तो हायड्रॉक्सिल मिळून पाणी होतं. बाकीचे कण लवणाच्या रूपानं खरोखरच बाजूला उदासीन बसून असतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. आम्लाला आम्ल करणारा आणि अरीला अरी करणारा, असे दोघंही पाणी होऊन जातात. मला ‘आम्लारी’ शब्द आवडतो, तरी या जागी तो अपुरा पडतो.

मग राहिला आकडा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सननं १९०९ साली पीएचची मोजपट्टी काढली. प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. पण ज्ञान घ्यायला त्याची अडचण नसावी. शुद्ध पाणी ७, त्याखाली आम्ल, वर खार, आणि प्रत्येक पायरी दसपटीची. लिंबाचा रस २ च्या जवळ, चुन्याची निवळी १२ च्या वर, लोणारचं पाणी १० च्या आसपास मोजलं गेलं आहे. मराठीत या आकड्याला ‘सामू’ म्हणतात. हा शब्द प्रयोगशाळेपेक्षा शेतकऱ्याच्या तोंडी जास्त आहे, कारण माती परीक्षणाच्या कागदावर तो वरच छापलेला असतो.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी, शिरोळ, मिरज, वाळवा भागात उसाला पाणी देऊन देऊन कित्येक रानं बिघडली. सामू साडेआठच्या वर गेला आणि मातीला सोडियम चिकटून बसलं की तिला चोपण म्हणतात. पावसात लोण्यासारखी, उन्हात दगडासारखी, पाणी वरच उभं. असं रान सुधारायला आम्ल ओतत नाहीत. जिप्सम घालतात, म्हणजे त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून उठवतं. जिथं मातीत चुनखडी आधीच भरपूर, तिथं गंधक घालतात. जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, ते चुनखडीशी मिळून रानातच जिप्सम तयार होतं. आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप लागतात. ते नसतील तर पुढच्या उन्हाळ्यात सोडियम पुन्हा वर येतं, पांढऱ्या पापुद्र्यासारखं.